वेलखारची जनावरांची कवायत

गुरांच्या दवाखान्यात नोकरी होती असं सांगितलं की समोरचा माणूस आधी थोडा हसतो आणि पाचच मिनिटांत त्याची म्हैस पान्हा का चोरते ते विचारायला लागतो. मला दोन्हींची सवय झाली आहे. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, बोर्ली पंचतनच्या छोट्या दवाखान्यात मी स्टॉकमन म्हणून बरीच वर्षं काढली. स्टॉकमन म्हणजे डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. पण डॉक्टरसाहेब तालुक्याच्या गावी, आणि मधे दोन खाड्या. त्यामुळे गावोगावचे लोक मलाच डॉक्टर म्हणत आणि मीही कुणाची चूक दुरुस्त करायला गेलो नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्पाची लस टोचायची, अडलेली गाय मोकळी करायची, बैलाच्या सुजलेल्या खांद्याला मलम चोळायचं आणि मेलेलं जनावर कशानं मेलं ते साहेबांना कळवायचं, असं माझं काम. जवळ एक सायकल आणि एक पत्र्याची पेटी.

सरकारच्या दृष्टीनं जनावर म्हणजे गाय, बैल, म्हैस, शेळी, फार तर कोंबडी. श्रीवर्धनचे एक सुपारीबागवाले गृहस्थ एकदा भर उन्हात अंगात कोट घालून दवाखान्यात आले आणि सगळे लोक जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. मग त्यांनी कोटाची बटणं काढली. आत मांजर होतं. मासे पकडायचा गळ त्याच्या ओठात रुतला होता. "गुरांच्या दवाखान्यात मांजर आणलं हे कुणाला सांगू नका," असं त्यांनी मला दोनदा बजावलं. गळ निघाला, मांजरानं माझा अंगठा फोडला आणि ते गृहस्थ डोळे पुसत निघून गेले. महिन्याच्या अहवालात मांजराला जागाच नव्हती. मी त्याची नोंद 'इतर'मध्ये केली.

या 'इतर'साठी माणूस काय काय करतो, ते मी वेलखारला पाहिलं. वेलखारबद्दलच लिहायचं आहे.

वेलखार हे खाडीच्या काठचं गाव. एका बाजूला कोळ्यांची घरं, दुसऱ्या बाजूला भातशेती करणाऱ्यांची आणि मधे मशिदीजवळ थोडी मुसलमानांची. गाव इतकं सखल की शेतात खारं पाणी येऊ नये म्हणून खाडीच्या कडेनं मातीचा लांबच लांब बांध घातलेला. तो बांध होता म्हणून गाव होतं. गावामागे टेकडी होती आणि टेकडीवरच्या माळावर जकातीची जुनी चौकी. छप्पर कधीच उडून गेलेलं, पण चारी भिंती दगडी आणि धड होत्या.

भाद्रपदात एका अमावास्येच्या उधाणाला पाऊस आणि वारा एकदमच आले आणि भर दुपारच्या भरतीत बांध फुटला. पाणी गावात शिरायला थोडा वेळ लागला, तेवढ्यात लोक टेकडीवर पोचले. भिकू नावाचा कोळी बायकोला घेऊन सगळ्यांबरोबर वर आला होता. वर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपला कुत्रा, खंड्या, दाराशीच बांधलेला राहिला. "आत्ता सोडून येतो," म्हणाला आणि उतरला. त्याची बायको पारू वरून बघत होती. थोड्या वेळानं खंड्या पोहत आला, चिखल तुडवत टेकडी चढला. गळ्यात दोरीचा कापलेला तुकडा होता. म्हणजे भिकू घरापर्यंत पोचला होता, त्यानं कोयत्यानं दोरी कापली होती. भिकू मात्र आला नाही. ओहोटी लागल्यावर बांधाच्या खिंडाराजवळ तो सापडला.

दुसऱ्या दिवशी मी मेलेल्या गुरांच्या पंचनाम्यासाठी गेलो. पोलीसपाटील नथू पाटील माझ्याबरोबर होते. गोठ्यागोठ्यातून फिरताना मला एक गोष्ट दिसत गेली आणि ती पाटलांच्या ओटीवर बसून मी बोलूनही दाखवली. मेलेलं प्रत्येक जनावर बांधलेलं होतं. गाय पोहते, म्हैस तर माणसापेक्षा बरी पोहते, शेळी पाण्याचा वास आला की वर पळते, कुत्र्याला तर शिकवावंच लागत नाही. पाण्यानं नुसतं पाणी आणलं होतं, मारलं होतं दाव्यानं. दावं ओलं झालं की गाठ अशी आवळते की माणसाच्या बोटांनाही ऐकत नाही.

ओटीच्या टोकाला एक म्हातारा बसला होता. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी नीट कातरलेली. तो दाऊद सारंग. जहाजावरच्या खलाशांचा जो मुकादम असतो त्याला सारंग म्हणतात. यानं रंगूनच्या बोटीवर आयुष्य काढलं होतं आणि आता गावी येऊन एकटाच राहत होता. एकटा म्हणजे मांजरीसकट. बोटीवरच जन्मलेली ती करड्या रंगाची मांजर त्यानं सदऱ्यात घालून घरी आणली होती. तिचं नावही रंगूनच.

"डॉक्टर, म्हणजे गाठ सुटती तर वाचली असती?" त्यानं विचारलं.

"पुष्कळशी वाचली असती."

"आणि भिकू?"

मी पंचनाम्याचे कागद आवरायला लागलो. पाटील जमिनीकडे बघत राहिले.

तिथून निघताना आम्ही भिकूच्या घरावरून गेलो. भिंतीचा चिखल झाला होता. पारू उरलेल्या चौथऱ्यावर बसली होती आणि खंड्या तिच्यापासून लांब, शरमल्यासारखा पडला होता. शेजारच्या दोघीतिघी तिला सांगत होत्या, "हाकल त्याला, पारू. त्यानंच तुजा घो खाल्लान. डोळ्यासमोर कशाला ठेवतेस?"

पारू पंचविशीची असेल. तिनं मान वर केली. "ज्याच्यासाठी तो गेला, त्यालाच हाकलू?" ती म्हणाली. "मग तो गेला कशासाठी?" आणि कुणीतरी तिच्यासाठी आणून ठेवलेली भाकरी तिनं मोडली, अर्धी खंड्यापुढे टाकली आणि अर्धी स्वतः खायला घेतली. नवरा गेल्यापासून तिनं घेतलेला तो पहिला घास, हे मला बायकांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

आमच्याबरोबर आलेला दाऊद सारंग माझ्याशेजारी उभा होता. तो तिथूनच घरी गेला. पण जे पुढे झालं त्याची सुरुवात तिथं झाली असं मला वाटतं.

महिन्याभरानं मी लस घेऊन वेलखारला गेलो तेव्हा सारंग माझी वाटच बघत होता. त्यानं मला टेकडीवर नेलं. जकातीच्या चौकीतलं सगळं रान त्यानं आणि पारूनं उपटून काढलं होतं. एका कोपऱ्यात बांबूचा माच घालून त्यावर पेंढा रचला होता आणि भिंतीच्या आडोशाला झाकणं घातलेले दोन रांजण होते.

"हे पाणी कशाला?" मी विचारलं.

"बांध फुटला की विहिरी खाऱ्या होतात, डॉक्टर. माणूस कळ काढील. जनावराला कोण समजावणार? ते समोर दिसेल ते खारं पाणी पिणार."

हे खरंच होतं. भाद्रपदात पाण्यातून वाचलेल्या शेळ्या मागाहून खारं पाणी पिऊन दगावल्या होत्या.

मग त्यानं मला आपला बेत सांगितला. जहाजावर दर आठवड्याला कप्तान भोंगा वाजवायचा. वादळ नसो, आग नसो, सगळ्यांनी हातातलं काम टाकून आपापल्या बोटीपाशी उभं राहायचं. कोण कुठल्या बोटीत, कुणी काय उचलायचं, सगळं ठरलेलं. "दर वेळी हसायचे लोक," सारंग म्हणाला. "एकदा खरोखरच आग लागली. कुणाला काही विचारायला वेळच नव्हता. पण पायांना ठाऊक होतं कुठे जायचं. तसंच जनावराच्या पायांना शिकवायचं. माणूस त्याच्या मागून जातोच. म्हातारी घर सोडणार नाही, पण तिची शेळी वर गेली तर ती शिव्या देत का होईना, वर जाईल."

उधाण अमावास्या-पौर्णिमेला येतं, म्हणून कवायतही त्याच दिवशी. सारंग रॉकेलचा रिकामा डबा बडवणार. पहिला डबा वाजला की सगळी दावी सुटली पाहिजेत, खुराडी उघडली पाहिजेत आणि ज्यानं त्यानं आपलं जनावर घेऊन माळावर यायचं. वर आलं की शेळ्यांना कोंडा, गुरांना पेंढा, कुत्र्यांना सुकी मासळी. दुसरा डबा वाजला की जे खाली राहिलं ते राहिलं.

"दुसऱ्या डब्यानंतर मागे फिरायचं नाही," सारंग म्हणाला. "कुणीच नाही. हे पहिल्यापासून सांगून ठेवायचं. जहाजावर तेच चालतं."

पहिली कवायत बघायला मी मुद्दाम थांबलो होतो. इतकं हसू मला पुन्हा कधी आलं नाही. डब्याच्या आवाजानं कुत्री टेकडीऐवजी खाडीकडे पळाली. पाटीलवाडीचा एक बोकड वर आला, पण त्यानं माचावरचा पेंढा सोडून कुणाच्या तरी डोक्यावरची टोपी खाल्ली. मांजरं तर डबा वाजताच अशी गायब झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला दिसली नाहीत. लोक पोट धरून हसत घरी गेले. पोलीसपाटील मला म्हणाले, "डॉक्टर, म्हातारा जहाजावरून उतरला, पण जहाज काय त्याच्यातून उतरलं न्हाय."

सारंगाला त्याचं काहीच वाटलं नाही. पुढच्या पौर्णिमेला त्यानं पुन्हा डबा बडवला. पारूनं घरोघर जाऊन बायकांना सांगितलं की त्या दिवशी जनावराला सकाळचं खायला घालायचं नाही, जे मिळेल ते वरच. ही युक्ती तिची. चारसहा महिन्यांत अशी गत झाली की डब्यावर पहिली काठी पडली की शेळ्या दावं ओढायला लागत आणि खंड्या सगळ्यांच्या पुढे माळावर जाऊन बसे. दावी बांधायची गाठही बदलली. सारंगानं कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना एकच गाठ शिकवली. जनावरानं कितीही ओढलं तरी ती घट्ट, पण मोकळं टोक माणसानं ओढलं की एका हिसक्यात मोकळी, ओली असली तरी. कोळ्यांना ती येतच होती. होडी तशीच बांधतात. गाय तशी बांधायची हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही.

मांजरांसाठी वेगळा उपाय निघाला. मांजर डब्याला येत नाही आणि हाताला लागत नाही, हे लौकरच कळलं. मग पारूनं मासळीच्या टोपल्या घेतल्या, त्यांत फाटकी गोधडी घातली आणि ज्या ज्या घरी मांजर होतं तिथं चुलीजवळ नेऊन ठेवल्या. खायला द्यायचं ते टोपलीत. हळूहळू मांजरं टोपलीतच झोपायला लागली. वेळ आली की वरून जुन्या जाळ्याचा तुकडा बांधायचा आणि टोपली डोक्यावर घ्यायची. आज मोठमोठे लोक कुत्र्यामांजरांना घेऊन मोटारीतून फिरतात, त्यांनाही मी हेच सांगतो. ज्या पेटीतून न्यायचं ती त्याला आधी महिनाभर घरासारखी वाटू दे. मला हे पारूबाईनं शिकवलं.

नथू पाटील मात्र आपली गुरं कवायतीला पाठवत नसत. माणूस वाईट नव्हता. चौकी वापरायला त्यांनीच परवानगी काढून दिली होती, पेंढाही दिला होता. पण "पाटलाची गाय डब्यामागं पळायला लागली तर गाव काय म्हणंल," असं ते हसत हसत टाळत.

दीडदोन वर्षं अशीच गेली. लोक आता हसत नव्हते, पण कंटाळले होते. रोज काही बांध फुटत नाही. मीही सारंगाला एकदा म्हणालो की महिन्यातून एकदा केलंत तरी पुरे. तो म्हणाला, "पुरे आहे की नाही हे तुफान येऊन गेल्यावर सांगीन."

ते आलं कार्तिकात. भात कापून झालं होतं, काही शेतातच पडलं होतं. पावसाळा संपला म्हणून सगळे निर्धास्त होते. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी पाटलांचा माणूस माझ्याकडे आला. त्यांची गाय अडली होती. मी पहाटेच निघालो आणि उजाडताना वेलखारला पोचलो. हवा कोंडल्यासारखी होती आणि आभाळाला तांब्यासारखा रंग चढला होता. खाडीत कोळी होड्या ओढून वर घेत होते. बंदरावर धोक्याचा बावटा लागल्याचं कुणीतरी सांगत आलं होतं.

मी गोठ्यात शिरलो. वासराचा एक पाय मागे दुमडून अडकला होता. अशा वेळी हात आत घालून वासराला थोडं मागे ढकलावं लागतं, मग दुमडलेला पाय खुरापासून तळहातात धरून हळू पुढे आणायचा. घाई केली तर गाय आतून फाटते. बाहेर वारा वाढत होता ते मला गोठ्याच्या कौलांवरून कळत होतं. माझा हात खांद्यापर्यंत आत, कान बाहेर.

तेवढ्यात डबा वाजला.

सारंगाला आठवडाभर ताप होता. त्याच्या हातात डबा बडवायचं बळ नव्हतं, म्हणून डबा पारूनं घेतला होता. ती बडवत घराघरांतून जात होती. गोठ्याच्या झरोक्यातून मला दिसत होतं ते मी विसरणार नाही. आधी शेळ्या गेल्या, धावत. मग म्हशी, त्यांच्या संथ चालीनं, पण थेट टेकडीच्या वाटेला. गाई, कुत्री, आणि त्यांच्यामागे डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. कोंबड्या डालग्यांतून चालल्या होत्या. कुणी कुणाला हाका मारत नव्हतं. एक म्हातारी "कुठं पळतेस मेले, थांब गो रांडे," असं ओरडत काठी टेकत शेळीमागे चालली होती. ही म्हातारी त्या भाद्रपदात घर सोडायला तयार नव्हती, तिला दोघांनी उचलून न्यावं लागलं होतं.

वासरू बाहेर आलं. जिवंत होतं. मी त्याच्या नाकातला चिकटा काढला, पेंढ्यानं अंग चोळलं. पण गाय थकून आडवी झाली होती, उठेना. पाटलांनी बायकोला आणि गड्यांना बाकीची गुरं देऊन आधीच वर पाठवलं होतं. आता गोठ्यात आम्ही दोघेच.

"पाटील, चला," मी म्हणालो.

"गाय उठू दे."

"भरती चढायला लागली. ती उठेलच असं नाही."

"डॉक्टर, तुमी जा. ही माज्या आयेनं दिलेल्या गाईची नात. मी हिला अशी टाकून न्हाय जायचा."

मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो झटकला. ते गाईच्या मानेखाली हात घालून तिला उठवायला बघत होते आणि रडत होते. एवढा मोठा माणूस रडताना मी प्रथमच बघत होतो. बाहेर दुसरा डबा वाजला.

दारात दाऊद सारंग उभा होता. अंगावर घोंगडी, तापानं डोळे लाल. हातात मांजराची टोपली होती, जाळं सुटं लोंबत होतं.

"पाटील, दुसरा डबा झाला," तो म्हणाला.

"ऐकला. गाय उठली की येतो."

सारंग आत आला. त्यानं वाकून दाव्याचं टोक ओढलं, पण पाटलांच्या गोठ्यात गाठ जुनीच होती. मग त्यानं कमरेचा चाकू काढून दावं कापलं. "वासरू उचला आणि चला. तिला यायचं असेल तर ती वासरामागून येईल. नसेल तर तिची मर्जी. दार उघडं ठेवा."

"आणि न्हाय आली तर?"

सारंगानं चाकू कमरेला खोवला. पाटलांची नजर त्या टोपलीकडे गेली. टोपली रिकामी होती.

"रंगून कुठं हाय?" पाटलांनी विचारलं.

"आली नाही."

"आली न्हाय म्हंजे? शोधलीस?"

"हाका मारल्या. पहाटेपासून कुठे दिसली नाही. मग दुसरा डबा झाला."

"आणि तू चाललास? तिला सोडून?"

"चाललो," सारंग म्हणाला. "हुकूम माझाच आहे, नथू. मीच मोडला तर पुढे कोण ऐकेल?"

पाटील त्याच्याकडे बघत राहिले. ही मांजर म्हणजे म्हाताऱ्याला बायको, पोर, सगळं, हे गावात कुणाला सांगायला नको होतं. तो तिच्याशी बोलत बोलत जेवत असे. पाटलांनी डोळे पुसले, खाली वाकले आणि ते ओलं, लटपटतं वासरू खांद्यावर घेतलं.

आम्ही तिघे निघालो. वाऱ्यात तोंड वर करता येत नव्हतं. मी सारंगाला धरलं होतं की त्यानं मला, ते सांगणं कठीण आहे. टेकडीची वाट अर्धी चढून झाली असेल, तेव्हा वासरू ओरडलं. खालून उत्तर आलं. मी मागे बघितलं. गाय गोठ्याच्या दारातून बाहेर आली होती. चार पावलं टाकायची, थांबायची, पुन्हा ओरडायची. पाटील वळले. सारंगानं त्यांच्या दंडाला धरलं, एवढंच. ओढलं नाही. पाटील पुन्हा चढायला लागले आणि वासराला मुद्दाम चिमटे काढायला लागले, ते ओरडत राहावं म्हणून. गाय त्या आवाजामागे चढत आली. आम्ही माळावर पोचलो तेव्हा ती वाटेच्या शेवटच्या वळणावर होती. त्याच सुमारास बांध गेला. आवाज वगैरे काही आला नाही, वाऱ्यापुढे येणारच नव्हता. नुसतं इतकंच दिसलं की शेतं होती तिथं खाडी आली, मग गोठ्याच्या दारात पाणी आलं, मग दार दिसेनासं झालं.

जकातीच्या चौकीत सगळं गाव आणि गावाची जनावरं भिंतींना चिकटून बसली होती. कुत्री मांजरांच्या टोपल्यांना टेकून बसली होती आणि मांजरं फिस्कारतसुद्धा नव्हती. भिजलेला माणूस जनावराच्या अंगाला टेकला की थंडी कमी वाजते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. पारूनं एकेक घर मोजलं. सगळी माणसं होती. तिनं ते मोठ्यानं सांगितलं आणि मग कुणाला दिसू नये म्हणून खंड्याच्या मानेत तोंड खुपसून बसली.

सारंग एका कोपऱ्यात बसला होता, गावाकडे पाठ करून. रिकामी टोपली त्यानं कुणाच्या तरी पिलं झालेल्या मांजरीला देऊन टाकली होती. मी त्याला क्विनाइनची गोळी दिली. माणसांचं औषधही माझ्या पेटीत थोडंबहुत असे. त्यानं ती निमूट गिळली.

वादळ दुसऱ्या दिवशी निवलं. वेलखारमधली अर्धी घरं पडली, भात गेलं, काही कोंबड्या गेल्या, एक म्हातारी म्हैस वाटेतच बसली ती उठलीच नाही. पण माणूस एकही गेला नाही. त्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावांतून ज्या बातम्या येत होत्या त्या ऐकल्यावर याचा अर्थ कळत होता. रांजणातलं गोडं पाणी विहिरी उपसून होईपर्यंत जनावरांना पुरवून पुरवून पाजलं. माझ्या कचेरीनं जनावरं किती मेली ते विचारलं. किती वाचली हे विचारायची पद्धत तेव्हा नव्हती, अजूनही असेल असं वाटत नाही.

रंगूनला गावानं खूप शोधलं. पारू रोज संध्याकाळी पडक्या भिंतींतून हाका मारत हिंडायची. ती सापडली नाही, जिवंतही नाही आणि मेलेलीही नाही. लोकांनी सारंगाला दुसरं पिल्लू देऊ केलं. त्यानं हात जोडून नको म्हटलं. पण अमावास्येला अंगातला ताप पुरता उतरला नसताना तो काठी टेकत आला आणि डबा मागून घेतला. त्या दिवशी सगळ्यांत पुढे पाटलांची गाय होती आणि तिला हाकत स्वतः पाटील होते.

ही गोष्ट खाडीपलीकडच्या गावांत पोचली. तिथल्या लोकांनी बोलावलं म्हणून पुढच्या उन्हाळ्यात आम्ही होडीनं गेलो. सारंग, पाटील, पारू आणि मी. देवळासमोर लोक जमले. पाटलांनी गाठ दाखवली, पारूनं टोपली दाखवली, मी खाऱ्या पाण्याचं सांगितलं. सारंगानं दोन डब्यांचा नियम सांगितला. मागे उभी असलेली एक बाई पुढे आली. कडेवर कुत्र्याचं पिल्लू होतं, तान्ह्या मुलासारखं धरलेलं. ती रागावली होती.

"बोलायला सोपं हाय, चाचा," ती म्हणाली. "आपलं जनावर खाली ऱ्हायलं आनि वर निघून जायचं? तुमचं कदी ऱ्हायलंय?"

पाटील बोलायला उठले. सारंगानं त्यांना खाली बसवलं.

"माझी मांजर राहिली," तो म्हणाला. "रंगून नाव होतं. मी हाका मारल्या. आली नाही. मग मी वर गेलो."

ती बाई त्याच्याकडे बघत होती. मग ती जवळ आली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि पिल्लू मांडीवर घेऊन म्हणाली, "ती गाठ परत दाखवा. सावकाश."